तिसऱ्या पेपराच्या नोट्स

१४ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र पोहोचलं. खोलीत तिघी आहात, खिडकी एकच आहे आणि ती नेमकी दुसरीच्याच खाटेपाशी आहे, हे कळलं. न्हाणीघरासमोर रांग लागते म्हणून तू साडेपाचला उठतेस, ही ओळ तुझ्या बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. घरी तुला आठला उठवायला दोन माणसं लागायची.

आता कामाचं. माझा फॉर्म मंजूर झाला. बहिःस्थ विद्यार्थिनी, दुसरं वर्ष, तुझेच विषय. पहिलं वर्ष पास झाले त्याला बावीस वर्षं झाली. मग तुझा दादा पोटात होता आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. बाकीच्या पेपरांची पुस्तकं इथल्या वाचनालयात आहेत. मानसशास्त्राच्या तिसऱ्या पेपराला मात्र पुस्तकच नाही, सर वर्गात सांगतात तेवढंच, असं तूच म्हणालीस. तेव्हा दर पंधरा दिवसांनी तुझ्या नोट्सची एक प्रत मला पाठव. समासात सर काय बोलले, कुठे शिंकले, कुणावर ओरडले तेही लिही, म्हणजे मला वर्गात बसल्यासारखं वाटेल.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दोन ते तीन यंत्रं बंद असतात. चादरींच्या गठ्ठ्यावर बसून वाचायला त्याच्याइतकी बरी जागा नाही. मोठ्या सिस्टरनी आत्ताच मला 'विद्यार्थिनी' म्हणून हाक मारायला सुरुवात केली आहे. नापास झाले तर ही हाक निवृत्तीपर्यंत चालेल, एवढं ध्यानात ठेव.

माया आहेच, ती आता टपालाने वेळेवर येऊ दे.

तुझी
आई

२ ऑगस्ट

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

सोबत पंधरा पानं आहेत. समासात शिंका मोजून लिहिल्या आहेत. सरांच्या कोटाला खडूचा हात पुसायची सवय आहे, त्यामुळे उजवा खिसा कायम पांढरा असतो, हेही तुझ्या माहितीसाठी.

पण मला त्या माणसाचा भयंकर राग आला आहे. परवा चाचणीचे पेपर परत दिले. त्यात माझं उत्तर त्यांनी ऐंशी जणांसमोर मोठ्याने वाचलं, वर एक शेरा मारला आणि सगळा वर्ग हसला. माझ्या खोलीतली मैत्रीणसुद्धा हसली, मग रडकं तोंड करून माफी मागत बसली. मी काय लिहिलं होतं ते विचारू नकोस. चुकीचं नव्हतं, एवढं सांगते. अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. खानावळीतल्या बाईंवरही ओरडून आले, त्यांचा काही दोष नव्हता.

तुझा अभ्यास जोरात चालू दे. माझ्यावर नेहमीसारखा लोभ ठेव.

तुझी
धाकटी

८ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

पत्र वाचून मीही तापले. मुलीला उभं करून हसायचं म्हणजे शिकवणं का? मी तिथे असते तर त्यांच्या पांढऱ्या खिशाबद्दल दोन शब्द बोलले असते. पण तू वर्ग सोडू नकोस. नाक मुरडून बस, तोंड फिरवून बस, पण बस. तिसऱ्या पेपरापुरते माझे कान तुझ्याकडे गहाण आहेत.

बाबा म्हणतात, मायलेकींचा राग एकाच साच्यातला आहे. मी त्यांना त्या दिवशी जेवताना वाढलंच नाही.

तुझ्यावर जीव असलेली,
आई

१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

दिवाणखान्यातला दिवा दुरुस्त झाला, दादाला बढती मिळाली, बाबांचा गुडघा तसाच आहे. हे झालं घरचं.

नोट्स वेळेवर येत आहेत. मधे दोन गठ्ठे अगदीच कोरडे आले होते, समासात एक शिंक नाही. मी तक्रार केली तर तू पुढच्या गठ्ठ्यात सगळी कसर भरून काढलीस. तुमच्या सरांबद्दल माझं मत बदलत चाललं आहे. माणूस नको असलेलं विसरत नाही, गैरसोयीचं विसरतो, हे त्यांचं वाक्य मी कागदावर लिहून इस्त्रीच्या टेबलावर चिकटवलं. मोठ्या सिस्टर येऊन वाचून गेल्या आणि विचारू लागल्या, कुणाचं आहे. मी ऐटीत म्हटलं, आमच्या सरांचं. लक्ष कसं भरकटतं ते सांगताना त्यांनी स्वतःचाच चष्मा शोधायचं नाटक केलं, ते वाचून तर मी एकटीच हसत बसले. असा माणूस एखाद्या दिवशी वाईट वागला असेल. तू मनातून काढून टाक.

अवधान आणि संवेदन, दोन्ही प्रकरणं माझी तोंडपाठ झाली आहेत. विचारून बघ हवं तर.

तुझी खुशाली दोन ओळींची असते, ती चार ओळींची करावीस ही विनंती.

आई

२३ जानेवारी

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

नोट्स पाठवल्या आहेत. समास रिकामा आहे, कारण मला वेळ नाही. आई, मी इथे शिकायला आले आहे की तुझी कारकुनी करायला? मला चार विषय आहेत, अंगात कणकण आहे, खोलीतल्या दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलत नाहीत आणि मी मधल्या खाटेवर आहे. त्यात तुझं दर पत्र सरांनी काय सांगितलं, सर काय म्हणाले. सर, सर, सर. तुला त्या माणसाचं एवढं कौतुक वाटतं ते मला सहन होत नाही. इतकं असेल तर त्यांनाच पत्र लिही.

रागावू नकोस. किंवा रागव, मला काय.

धाकटी

६ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

काल तिसरा पेपर झाला. दहा प्रश्न होते. त्यातले सहा मी आयुष्यात कधी ऐकलेले नव्हते. समूहाचं वर्तन, अफवा, गर्दीतला माणूस. माझ्या वहीत यातलं एक अक्षर नाही. आजूबाजूची विशीतली मुलं खाली मान घालून लिहीत होती आणि मी पेन बंद करून घड्याळ बघत होते. पर्यवेक्षक बाई दोनदा येऊन विचारून गेल्या, बरं वाटत नाही का. शेवटी जे येत होतं तेवढं लिहिलं आणि बाकीचा वेळ उगाच बसून राहिले. उठून गेले असते तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

तुझाही हाच पेपर असणार. तुझं कसं झालं? सरांनी तुम्हालाही हे शिकवलं नाही का? वर्षभर चष्म्याची नाटकं करायला वेळ होता आणि निम्मा अभ्यासक्रम सांगायला नव्हता? मी इतकी चिडले आहे की लाँड्रीत कुणी माझ्याजवळ फिरकत नाही. टेबलावरचं ते वाक्य मी नखांनी खरवडून काढलं. सरांना मी आजच सविस्तर पत्र टाकत आहे. माझं नाव, तुझं नाव, आणि तुझ्या नोट्समधली चार पानं पुरावा म्हणून जोडली आहेत. तुझा सल्ला जानेवारीत दिलेला आहेच.

आई

१० एप्रिल

ती. आईस,

शि. सा. न.

ते पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर दुसरं लिही आणि पहिलं चुकून गेलं म्हणून सांग. कारण मी घरी आल्यावर सांगेन. पत्रात सांगण्यासारखं नाही. कृपा कर.

धाकटी

२६ एप्रिल

धाकटीस,

तुझं पत्र येण्याआधी माझं गेलेलं होतं. त्याचं उत्तर काल आलं.

तुझे सर सभ्यपणे लिहितात. अभ्यासक्रम या वर्षी बदलला. त्यांनी तो दहा ऑगस्टला वर्गात सांगितला, फळ्यावर लिहून दिला आणि फेब्रुवारीपर्यंत तोच शिकवला. मी पाठवलेली पानं दोन वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमातली आहेत आणि ती त्यांच्या वर्गात बसून घेतलेली असूच शकत नाहीत, असं ते म्हणतात. समासातली वाक्यं त्यांची नाहीत. वर्गात विनोद करायची त्यांची पद्धत नाही. चष्मा ते लावतच नाहीत.

हे मी लाँड्रीत, दोन ते तीनच्या वेळात वाचलं. मग माझी सगळी वही पुन्हा चाळली. पहिली पंधरा पानं खरी आहेत. बाकीचं सगळं तू कुणाच्या तरी जुन्या वहीतून उतरवलंस आणि वर खोटे सर शिंपडलेस. मी त्या खोट्या माणसाची चार जणींना ओळख करून दिली. आता त्या विचारतात, सर काय म्हणाले.

मी आजवर कुणावरही इतकी रागावलेली नाही, तुझ्या बाबांवरसुद्धा नाही. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला फक्त एवढं कळव, अभ्यासक्रम बदलल्याचं तुला कधी कळलं. परीक्षेनंतर की आधी?

आई

३ मे

ती. आईस,

आधी. अठरा मार्चला. तुझ्या पेपराच्या अठरा दिवस आधी.

खोलीतल्या मैत्रिणीची वही सहज उघडली तर त्यात गर्दी, अफवा, असलं काहीतरी होतं. मी तिला म्हटलं, हे कुठल्या विषयाचं. ती म्हणाली, तिसऱ्या पेपराचंच की. वर्षभर तीच माझी हजेरी लावत होती, तिला वाटलं अभ्यासक्रमाचं तरी मला माहीत असेल. मी तिची वही घेऊन रट्टा मारला. तुला तार केली असती, बसने येऊन वही हातात आणून दिली असती, तरी तुला पुरेसे दिवस मिळाले असते. दोनदा पत्र लिहायला घेतलं. पण नोट्स चुकीच्या आहेत म्हटलं की मी वर्गात जात नाही हे आलं, सर खोटे हे आलं, सगळंच आलं. मी पत्र फाडलं. पेपर सोपा निघेल, जुन्यातलं काही विचारतील, अशी मनाची समजूत घातली. मी चुकले. नुसती चुकले नाही, तुला बुडताना पाहिलं आणि काठावर उभी राहिले.

आता ते उत्तर. सरांनी विस्मरणाचं स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण मागितलं होतं. मी लिहिलं, माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत सातशे चादरी मोजते, एकही चुकत नाही, पण स्वतःचा डबा आठवड्यातून तीनदा घरीच विसरते. सर ते वाचून म्हणाले, हे धुण्याच्या घाटावरचं मानसशास्त्र आहे, विद्यापीठात चालणार नाही. सगळे हसले. मी त्याच दिवशी ठरवलं की या माणसाच्या वर्गात पाय ठेवायचा नाही. वसतिगृहातल्या एका मोठ्या मुलीची जुनी वही मिळाली, तिच्यातून तुझ्या नोट्स उतरवू लागले; मैत्रिणीची वही मागायला मन होईना, तीही हसली होती. दोन महिन्यांनी तुझी तक्रार आली की नोट्स कोरड्या आहेत. मग मी सर बनवले. ते तुला इतके आवडले की मला थांबता येईना, आणि ते कौतुक त्या खऱ्याखुऱ्या माणसाला मिळतंय म्हणून माझाच जळफळाट होई.

सुट्टीत मी मैत्रिणीच्या घरी जात आहे. तुझ्यासमोर येण्याची माझी हिंमत नाही. चुकले, आई. चुकले.

लोभ ठेव असं लिहायची माझी लायकी राहिली नाही, तरी लिहिते.

धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होते ते पाठवण्यासारखं नव्हतं. निकाल तुला कळलेलाच आहे. तिसऱ्या पेपरात तुला एकोणपन्नास, मला एकवीस. माझं वर्ष गेलं. बाबांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, यापुढे डबा ते स्वतः भरून ठेवत जातील.

तू माझ्यासाठी भांडलीस असं तुला वाटतं. भांडली नाहीस. भांडायचं ते मला सांगायचं होतं, मी माझं बघून घेतलं असतं. माझ्या अपमानाचा सूड तू माझ्यावरच उगवलास. मला लाँड्रीची लाज कधी वाटली नाही. ती तुला वाटली, म्हणून ते उत्तर तू माझ्यापासून लपवलंस. हे कडू आहे, पण तू शिकतेस तेच शास्त्र आहे.

मी पुन्हा फॉर्म भरला आहे. सरांना लिहून विचारलं, शनिवारच्या तासाला बसू द्याल का. त्यांनी हो म्हटलं. सिस्टरांनी माझी शनिवारची पाळी बदलून दिली. काल पहिला तास होता. अडीच तास बसने आले, तुझ्या वसतिगृहासमोरून चालत गेले, वर आले नाही.

सरांनी मला वर्गाला ओळख करून द्यायला सांगितली. मी उभी राहिले आणि सांगितलं की मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत देखरेखीला आहे, सातशे चादरी मोजते आणि डबा विसरते, गेल्या वर्षी याच वर्गात माझं उदाहरण वाचलं गेलं होतं. कुणी हसलं नाही. सरांना काहीच आठवेना. खरंच आठवेना, तोंडावरून कळत होतं. तू ज्या माणसामुळे वर्षभर जळलीस त्याच्या मनात त्याचा मागमूस नाही. विस्मरणाचाच धडा चालू होता, पण मी तोंड बंद ठेवलं.

तास संपल्यावर ते दाराशी आले. म्हणाले, ती बाई कुणाची तरी आई आहे आणि ती मुलगी समोरच बसली आहे, हे लक्षात आलं असतं तर बोललो नसतो. मी म्हटलं, आई नसते तरी बोलायचं नव्हतं, आणि मुलगी तर समोरच होती. ते खाली बघून म्हणाले, माझी चूक झाली. माझं आणि त्यांचं तिथेच मिटलं. तुझ्या पत्रात चुकले चारदा आलं आहे, तरी माझं तुझ्याशी मिटलेलं नाही. परक्या माणसावरचा राग लवकर जातो, असं दिसतं.

मी दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसेन. शेजारची जागा पिशवी ठेवून धरलेली असेल. माफी मागायला येऊ नकोस. ऐकायला यायचं असेल तर साडेदहाच्या आत ये. त्यानंतर मी पिशवी उचलणार नाही.

रागावलेली, आणि अजून बराच काळ रागावणार असलेली,

तुझीच
आई