दुपारी मऊ होणारं लाकूड

घाटकोपर,
रविवार सकाळ

ती. राजाराममामा यांस,

संघमित्राचा जयभीम. गुडघा कसा आहे? आईने पाठवलेलं तेल तुम्ही गुडघ्याला लावता की दाराच्या बिजागरीला, हे तिने मुद्दाम विचारायला सांगितलंय (मागची बाटली बिजागरीला गेली, हे शकुमामींनी तिला कधीच सांगितलेलं आहे). आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचं बीपी गोळीच्या ताब्यात आहे आणि मी आईच्या. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही दोनदा ‘हां, हां’ म्हणता आणि फोन मामींकडे देता. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर मामी आधी वाचतात आणि त्यातलं त्यांना आवडेल तेवढंच तुमच्यापर्यंत पोचतं. म्हणून हा कागद. मला तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ते मानायची वेळ कशी आली हे सांगायला जरा जागा लागेल.

मी लाकूडकापणीवर पीएच.डी. करते म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या सोसायटीत अजून कोणाला कळलेलं नाही. करवत लाकडातून जाताना किती वीज खाते, कापलेली बाजू किती गुळगुळीत निघते, भुसा किती वाया जातो, हे मी मोजते असं मी सगळ्यांना सांगून पाहिलं. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या जयश्रीकाकू म्हणाल्या, ‘म्हणजे सुतारकाम ना?’ आणि दुसऱ्या दिवशी कपाटाचं दारच घेऊन आल्या. ते घासतंय, लागत नाही म्हणून. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तुमची भाची आहे, रंधा हातात आला की राहवत नाही. आता ते दार लागतं, पण लागलेलं राहत नाही. काकूंनी त्याला साडीच्या काठाची नाडी बांधली आहे. जिन्यात भेटल्या की त्या माझ्या अभ्यासाची चौकशी फार काळजीने करतात.

असो. मुख्य गोष्ट पुढेच आहे. अंधेरीच्या आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जानेवारीपासून मी गोल करवतीवर पाईनच्या फळ्या कापत होते. म्हणजे कापत होते किरणभाऊ. ते आमचे वर्कशॉपचे तंत्रज्ञ, वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं दिवसाला साधारण अकरा वाक्यं. मी शेजारी बसून विजेचं मीटर वाचायचे. पहिल्याच महिन्यात एक विचित्र गोष्ट दिसली. सकाळी दहाला करवत कमी वीज खायची, मग हळूहळू वाढत जायची, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चांगली वाढायची, आणि जेवून आलो की पुन्हा सकाळइतकी कमी. मग पाचपर्यंत परत चढती. रोज असंच. तेच पातं, तशीच फळी, तोच वेग. जणू लाकूडही आमच्याबरोबर जेवून येत होतं.

मामा, मला वाटलं आपल्याला काहीतरी सापडलं. मी मोटर तपासली, विजेचा दाब तपासला, हवेतली ओल मोजायचं यंत्र आणलं. मग सिद्धान्त मांडला की सकाळपासून दमट हवेत लाकूड ओल धरून फुगतं आणि पात्याला आवळतं, दीड वाजता छताच्या पत्र्यावर ऊन आलं की मऊ पडतं, आणि मग खारा वारा सुटला की पुन्हा अडून बसतं. त्यावर सत्तावीस पानांचं प्रकरण लिहिलं, नऊ आलेखांसकट. वाऱ्याचा परिणाम वेगळा काढायचा म्हणून ऐन मे महिन्यात तीन आठवडे सगळ्या खिडक्या बंद ठेवल्या. किरणभाऊंचा शर्ट अकरा वाजता पिळण्यासारखा व्हायचा. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही (अकरा वाक्यांत ती बसत नसावी). माझ्या गाईड जयंती मॅडमनाही प्रकरण पटलं. समितीपुढे मांडायची तारीख ठरली. ही माझी शेवटची मुदतवाढ होती. समितीने नाही म्हटलं असतं तर पाच वर्षं गुंडाळून मी कुठेतरी शिकवणीला लागले असते.

तारखेच्या चार दिवस आधी माझा धीर सुटला. का कोण जाणे, वाटलं की मामांना एकदा विचारावं. मुलुंडच्या वखारीत चौतीस वर्षं काढलेला माणूस आपल्या घरात आहे आणि आपण पुस्तकांना विचारत बसलोय. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला वखारीत न्यायचात, ओंडक्यावर बसवायचात आणि डोळे मिटून वासावरून लाकूड ओळखायला लावायचात, ते आठवलं. साग मला यायचा. आंबा आणि शिरीष मी अजूनही चुकते. आईला शेजारी विचारायचे की मुलीला कशाला त्या धुळीत पाठवतेस, आणि आई म्हणायची, तिच्या मामाला विचारा. तुम्हाला विचारायला मात्र कोणी आलं नाही.

तर मी तुम्हाला फोन लावला, काय होतंय ते घाईघाईत सांगितलं, आणि फोन करवतीजवळ धरून किरणभाऊंना फळी सारायला लावली. ती कापून झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, ‘पातं पूस आधी. मग बोल.’ आणि फोन ठेवलात. खरं सांगते, मला राग आला. मी एवढं पाच वर्षांचं काम सांगतेय आणि हे मला फडकं मारायला सांगतायत. तरी तुमचा शब्द म्हणून किरणभाऊंना विचारलं, फडकं कुठे आहे.

ते म्हणाले, ‘आता कशाला? जेवायला जाताना मी पुसतोच की.’

‘रोज?’

‘रोज. थिनर लावून. आणि संध्याकाळी घरी जाताना. पाईनची राळ दात्यांना चिकटते ना, मग करवत ओढते. माझ्या उस्तादांनी शिकवलंय.’

मी विचारलं, ‘किरणभाऊ, मला का नाही सांगितलं?’

त्यांनी हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही खिडक्यांचं विचारत होता.’

मी तिथेच फळ्यांच्या थप्पीवर बसले. किरणभाऊंनी पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पातं दिवसभर पुसलं नाही, तर वीज पाचपर्यंत नुसती चढत गेली. दुपारी लाकूड मऊबिऊ काही झालं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दर दहा कापांनी पुसलं, तर आलेखाची रेघ सरळ, आपल्या गावच्या रस्त्यासारखी नाही, खरंच सरळ. खारा वारा सुटला आणि निघून गेला, करवतीला पत्ताही नाही.

आता खरं सांगते, एक संध्याकाळ माझ्या मनात आलं होतं की गप्प बसावं. सत्तावीस पानं छापून तयार होती, समितीतल्या कोणाला थिनरचं फडकं दिसलं नसतं. शेवटी जयंती मॅडमना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चहा संपवला, आणि म्हणाल्या, ‘चूक तू पकडलीस, ते बरं झालं. आता तीच मांड.’

मी तीच मांडली. आधी नऊ आलेख दाखवले, माझा सिद्धान्त सांगितला, आणि मग म्हटलं की हे सगळं चुकीचं आहे आणि त्याचं कारण एक फडकं आहे. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी विचारलं, हे शोधलं कोणी. मी म्हटलं, माझ्या मामांनी, फोनवर नुसता आवाज ऐकून, ते वखारीत करवतीवर होते. आणि मागे बसलेत त्या किरणभाऊंना ते आधीपासून माहीत होतं. किरणभाऊंना उभं राहायला सांगितलं. ओरडा बसणार असं वाटून ते आधीच ‘सॉरी सर’ म्हणाले. परीक्षकांनी विचारलं, पातं पुसायची वेळ झाली हे कसं ओळखता. किरणभाऊ म्हणाले, भुशाचा वास बदलतो, जरा करपल्यासारखा येतो. परीक्षकांनी ते लिहून घेतलं. मग मला म्हणाले की हवेचं प्रकरण फेका आणि राळेचं लिहा. किती कापांनी पातं पुसावं, हे छोट्या वखारींना आजवर कोणी आकड्यांत सांगितलेलं नाही. सहा महिने दिले. त्यावरच्या शोधनिबंधावर आता माझ्या नावाखाली किरणभाऊंचंही नाव असणार आहे. त्यांनी ते बायकोला सांगितलं, तर तिला वाटलं कोर्टाची नोटीस आली.

मामा, प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. तुमच्यावर मी दोन पानं लिहिली होती, मॅडमनी दोन ओळी ठेवल्या. पण पहिल्या दोन. तुमची शाळा चौथीत सुटली, आणि माझी सुटू नये म्हणून तुम्ही काय काय केलंत ते दोन ओळींत मावत नाही. म्हणून हे पत्र.

मामींना नमस्कार, आईचा तुम्हाला आशीर्वाद (मोठी बहीण असल्याचा हक्क ती सोडत नाही).

तुमची भाची,
संघमित्रा

ता. क. एक विनंती आहे, ती वर लिहायची राहिली. परीक्षकांना तुमच्या कानाची परीक्षा घ्यायची आहे. तुम्हाला पडद्यामागे बसवायचं, दहा पाती चालवायची, आणि कुठलं मळलंय ते तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगायचं. मी तुमच्या वतीने हो म्हणून टाकलंय.

ता. क. २ पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ताच मामींचा फोन येऊन गेला. परीक्षेचं ऐकून त्या इतका वेळ हसल्या की मला वाटलं लाइन गेली. म्हणाल्या, त्या दिवशी तुम्हाला फोनवर काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. डावा कान वखारीतच गेला, उजवाही आता अर्धाच आहे, आणि हल्ली फोन घ्यायला मामींचे हात मोकळे नसले की कोणी काहीही विचारो, तुम्ही वखारीतल्या सवयीने ‘पातं पूस आधी’ म्हणून फोन ठेवता. गेल्या आठवड्यात पतसंस्थेच्या साहेबांनाही तेच सांगितलंत. तर मामा, परीक्षा रद्द. मी परीक्षकांना खरं काय ते कळवते, आता सवय झाली आहे. आभाराच्या ओळी आहेत तशाच राहतील. पण माझ्या प्रबंधात करवतीच्या आवाजाचाही एक तक्ता आहे, आणि तो आवाज चौतीस वर्षं कोणाच्या कानावर पडत होता, हे मी एकदाही विचारलं नाही, याची मला लाज वाटते. घाटकोपरच्या कानाच्या डॉक्टरांकडे पुढच्या बुधवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. मामींनी तुमची पिशवी भरून ठेवली आहे (हे तुम्हाला सांगायचं नव्हतं). नाही म्हणायचं असेल तर खुशाल फोन करून म्हणा. मलाही काही ऐकू येणार नाही.