सारख्याच आहेत असं धर

मॅडम,

आज रविवार. सकाळी पाणी भरलं, कपडे धुऊन गॅलरीत वाळत घातले. जेवण झाल्यावर तुम्हाला लिहायला बसलो.

वागळे इस्टेटमधली आपली खोली आठवते. खालच्या कारखान्यातलं प्रेस मशीन सुरू झालं की टेबलं थरथरायची. नव्वदनंतरची गोष्ट. सी भाषेतले प्रोग्रॅम न चालवता, नुसते वाचून त्यांतल्या चुका दाखवणारं टूल आपण बनवत होतो आणि टाइप, म्हणजे कुठली माहिती कुठल्या प्रकारची, ते तपासायचा भाग तुम्ही मला दिला होतात. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं, आणि सकाळी माझी तपासणी अडकली. दोन नोंदींची रचना सारखी आहे का, एवढंच तिने सांगायचं. पण प्रत्येक नोंदीत तशाच पुढच्या नोंदीचा पत्ता. तो धरून ती पुढे जायची आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायची. उत्तर येईना. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. तिकडे खडवलीला आईने शेजारणींना पेढे कबूल करून ठेवले होते.

तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहता, हातात डब्याचं झाकण.

"अरे, हा प्रश्न आपण आधी विचारलाय ना?"

"हो मॅडम, पण त्याचंच उत्तर अजून आलेलं नाही."

"मग तोवर सारख्याच आहेत असं धर आणि बाकीचं तपास."

"पण तेच तर सिद्ध करायचंय."

"फरक दाखव मग. दिसतोय कुठे?"

"नाही."

"मग भांडतोयस कोणाशी?"

पलीकडच्या टेबलावरून एका सहकाऱ्याचा आवाज आला, "मॅडम, लग्नं अशी जुळवली असती तर माझं कधीच झालं असतं."

"तुझ्यात फरक पहिल्याच ओळीत सापडतो रे," तुम्ही म्हणालात.

विचारलेले प्रश्न लक्षात ठेवायची सोय मी केली. गिऱ्हाइकासमोर टूल शेवटपर्यंत गेलं. शिवाय त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये, खूप आत, एका नोंदीत पूर्णांक आणि दुसरीत दशांश होता, तोही नेमका पकडला. सगळं सारखं धरून निघालेलं टूल, आणि तरी फरक सुटला नाही. मी पडद्याकडे बघत राहिलो. गिऱ्हाइकाने कोणी केलं विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. महिनाअखेरीला आईने पेढे वाटले.

पुढे तुम्ही कंपनी सोडून गेलात. नव्या मुलांना मी हे शिकवत राहिलो. ते बरोबर का येतं, हे मला कागदावर नीट मांडता येतं. पण मॅडम, ते चालताना बघून माझ्या अंगावर अजून काटा येतो. त्या दिवशीही आला होता. ऑफिसात असं कोण बोलतं, म्हणून बोललो नाही.

कपडे वाळले असतील. आत आणून मोज्यांच्या जोड्या लावतो.