समोरच्या दोन दातांच्या तडजोडीबाबत

प्रति,
मा. सहायक सरकारी अभियोक्ता,
प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय,
बोदवड, जि. जळगाव.

अर्जदार : चुडामण सोनजी वराडे, वय ६३, धंदा शेती (मूळ फिर्यादी व जखमी).

विषय : आरोपी निंबा तोताराम ढाके यांनी गुन्हा कबूल करून शिक्षेत सवलत मागितली आहे, त्यास फिर्यादीने संमती देणे अथवा न देणे याबाबत.

संदर्भ : मागील तारखेस कोर्टाच्या व्हरांड्यात आपण दिलेली तोंडी समज, की "हो का नाही, ते एकदाचं लिहून आणा."

महोदय,

१. आरोपी हे माझे व्याही, म्हणजे माझी मुलगी नूतन हिचे सासरे असून भुसावळ येथे रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांना रीतीप्रमाणे मानाची टोपी दिली. ती त्यांच्या डोक्यात बसली नाही. आपल्याला मुद्दाम लहान टोपी दिली, चारचौघांत अपमान केला, असे ओरडून त्यांनी पंगतीतला पाण्याचा स्टीलचा जग उचलला व माझ्या तोंडावर मारला. वरचे समोरचे दोन दात जागीच पडले. सदर मापाची टोपी त्या दिवशी मांडवातल्या बाकी सर्व पाहुण्यांना व्यवस्थित बसली होती. व्याह्यांचे डोकेच मोठे, त्याला अर्जदाराने काय करावे? जग व टोपी पोलिसांनी जप्त केली असून आजही मुद्देमालात पडून आहेत.

२. दात मी अद्याप बसवलेले नाहीत. दवाखान्याचा दाखला पुरेसा आहे, खुशाल दात बसवा, असे आपण स्वतः मला सांगितले होते. तरी पुरावा तो पुरावा, असे माझे मत पडले. तेव्हापासून मी भाकरी वरणात कुस्करून खातो. मक्याचे कणीस सुटले, ऊस सुटला. बोलताना हवा जाते व पारावरची मंडळी मुद्दाम मला "सोसायटी" म्हणायला लावतात. हे सर्व मी सुखाने सोसले, कारण प्रत्येक तारखेला आरोपीच्या समोरच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघून हसता येत असे. ते मान फिरवून घेत. तेवढ्यासाठी मी तापातही तारखेला आलेलो आहे.

३. आता आरोपी म्हणतात, गुन्हा कबूल आहे, दातांचा खर्च देतो, माफी मागतो, तुरुंग नको, चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सोडा. त्यासोबत त्यांनी भुसावळच्या दाताच्या डॉक्टरांचे अंदाजपत्रकसुद्धा मला पाठवले. आपण समजावून सांगितले, की याला कोर्टात प्ली बार्गेनिंग म्हणतात व आरोपीला न्यायाधीश साहेब बंद खोलीत विचारतात. साहेब, दात भर मांडवात पाडले आणि कबुली बंद खोलीत? लग्नात माईक होता. माफीलाही माईक पाहिजे.

४. म्हणून माझे म्हणणे प्रथम असे होते, की मुद्देमालातली तीच टोपी आरोपीच्या डोक्यावर दाबून बसवावी व त्यांना बोदवडच्या आठवडी बाजारातून फिरवावे. टोपी मोठी करून देऊ नये. ते न झाल्यास त्यांना तुरुंगात घालावे. मी स्वतः डबा नेऊन दिला असता, त्यात कडक लाडू दिले असते. आपण म्हणालात, की टोपीची शिक्षा कायद्यात नाही. मग ती का नाही, असे मला अजून वाटते.

५. परंतु यात एक अडचण उभी राहिली आहे. फिर्याद देताना साक्षीदार म्हणून नूतनचे नाव मीच लिहून दिले होते. ती तिथेच वाढत होती व तिने सर्व पाहिले. पोटची पोर आहे, खोटे बोलणार नाही, याचा मला मोठा अभिमान होता. पुढील तारखेचे तिचे समन्स भुसावळला तिच्या सासरी पोचले, ते आरोपीनेच सही करून घेतले. रात्री तिचा फोन आला. ती रडली नाही. म्हणाली, "नाना, मी खरं तेच सांगीन. जग मामंजींनीच मारला. पण ते सांगून झाल्यावर मी कोणत्या घरी जाऊ, तेवढं तुम्ही आधी ठरवून ठेवा."

मी फोन ठेवला. माझी पत्नी इंदिराबाई ताट वाढत होती. तिने भाकरी माझ्यापुढे अख्खीच ठेवली, कुस्करून दिली नाही, आणि म्हणाली, "दात तुमचे गेले. आता पोर माही घालवता का?"

त्या रात्री मी जेवलो नाही.

६. सबब, आरोपीच्या अर्जास माझी संमती आहे. बंद खोलीतली कबुली चालेल, माईक नको. नूतनला साक्षीला बोलावू नये, ही एकच अट. माझे मन वळले, मी त्यांना माफ केले, असे मात्र कोणत्याही कागदात लिहू नये. तसे काही झालेले नाही. माझा राग जसाच्या तसा आहे.

७. दातांचा खर्च मी घेणार नाही व दातही बसवणार नाही. येत्या आखाजीला नूतन माहेरी येईल. सण झाल्यावर तिला पोचवायला मी जातीने भुसावळला जाईन. रीतीप्रमाणे व्याह्यांना मला जेवायला बसवावेच लागेल, तेही स्वतःच्या समोर. तिथे मी भाकरी कुस्करून, सावकाश, त्यांच्याकडे बघत खाईन व मधूनमधून हसेन. कोर्टात त्यांना मान फिरवता येत होती, पाहुणा जेवत असताना यजमानाला ती फिरवता येत नाही. ही शिक्षा आम्हा दोघांपैकी एक जाईपर्यंत दर सणाला चालेल. तिच्यात सवलत मिळावी म्हणून त्यांचा अर्ज आल्यास तो कृपया माझ्याकडे पाठवू नये.

आपला, व फक्त आपलाच, नम्र,

(सही)
चुडामण सोनजी वराडे
दि. ७ एप्रिल २०२५

सोबत : आरोपीने पाठवलेले दाताच्या डॉक्टरांचे अंदाजपत्रक, न वापरता परत.