बेलाची निम्मी बाजू

माय,

आज सकाळी बेलाला पाणी घालताना तू फार आठवलीस, म्हणून लिहीत बसले आहे.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराचा दुष्काळ. मुरुडभर नव्या जिल्ह्याचं कौतुक आणि आपला आड कोरडा ठणठणीत. नांदेडच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्राचं ताजं ज्ञान घेऊन मी सुट्टीला आलेली. अंगणातला बेल वाळत चालला होता. बाबांनी लावलेलं ते शेवटचं झाड. स्वतःच्या प्यायच्या पाण्यातला तांब्या तू रोज त्याच्या बुंध्यावर ओतायचीस, पिंडीवर ओतावा तसा. मी म्हणाले, "माय, खोड पाणी पीत नाही. लांब गेलेल्या मुळांच्या टोकाशी केसांसारखे बारीक तंतू असतात, ते पितात. भिजत घातलेल्या मनुका पाणी ओढून फुगतात ना, तसं. मग वरून पानं ते खेचून घेतात. फांद्यांच्या घेराखाली घाल."

"देवाचं डोस्कं सोडून कडंकडंनं घालू व्हय?" तू म्हणालीस. पण दुसऱ्या दिवशी तूच तोड काढलीस. "परदक्षिना घालत सांडते. देव बी राजी, तू बी."

काही दिवसांनी पालवी फुटली, पण निम्म्याच झाडाला. बेलाजवळून न्हाणीची नाली जायची. प्रदक्षिणेत महादेवाची पन्हाळ, पिंडीवरचं पाणी वाहून नेणारी, ओलांडत नाहीत, म्हणून तू त्या कोरड्या नालीपाशी रोज मागं फिरत होतीस!

"अगं, न्हाणीची नाली आहे ती," मी चिडले.

"असू दे की. वलांडू न्हाई."

पलीकडून, उलट्या दिशेनं पाणी सांडत येणं तर तुला त्याहून नको. बाबांचं झाड निम्मं जाणार म्हणून डोळे भरलेले, तरी पाय पुढे पडेना. माझा राग गेला, तुझी फार माया आली. पलीकडची बाजू मी घेतली. सुट्टीभर तू इकडून, मी तिकडून, नालीपाशी गाठ पडायची. तिथं तू माझ्या तांब्यात डोकावून, सगळं सांडलं का ते बघायचीस.

आता बेल घराच्या वर गेला आहे. मुळं इतकी खोल गेलीत की तांब्याभर पाण्याची त्याला गरज नाही. जन्मभर मी वर्गात हेच शिकवलं. तरी घालते. आधी माझी बाजू, मग मागं फिरून, सगळा वळसा घेऊन, तुझी.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? घडी घालून ठेवते. तुला हसू येईल, माय. ती नाली बुजवून वर फरशी घातली, त्यालाही वर्षं झाली. मी ती अजून ओलांडत नाही.