दोनदा बंद केलेली तक्रार

प्रिय ठोंब्या,

या नावानं तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, कुणास ठाऊक. पण तुझं खरं नाव माझ्याच्यानं लिहवत नाही, कारण ते मी शेवटचं लिहिलं ते दोन वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या चौकशी समितीच्या कागदावर. त्यानंतर आपण एकमेकांशी धड चार वाक्यं बोललेलो नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझा फोन आला होता, तो तिनंच घेतला. मी शेजारीच बसून आत्या-भाच्याच्या गप्पा ऐकत होते. फोन ठेवता ठेवता तू ताई कशी आहे म्हणून विचारलंस आणि आईनं माझ्याकडे बघत बरी आहे असं सांगून टाकलं. बरी नाहीये रे मी.

मामी येऊन गेल्या आईला बघायला. पपई आणली होती, चिरूनच आणली होती, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली सुरी मागायला नको. तासभर बसल्या, आईशी सगळं बोलल्या, तुझ्या त्या प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानाबद्दल, तू एकटा खोली घेऊन राहतोस त्याबद्दल, आणि माझ्याकडे एकदाही मान वळवली नाही. मी चहा पुढे केला तर नुकताच घेतलाय म्हणाल्या. मला राग आला, अगदी खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, मुलाला नोकरी लावून दिली ती मीच ना? त्याच्यावर बालंट आलं तेव्हा मी काय करणार होते? असं मी दोन वर्षं स्वतःला पटवत आलेय, आणि माझं मला छान पटतही होतं.

तर आता ऑफिसची बातमी. हॉस्पिटलभरच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी नोंदवायचं आपलं ते जुनं हेल्पडेस्कचं सॉफ्टवेअर, जे तू बैलगाडी म्हणायचास, ते एकदाचं जाणार. साहेबांनी तीन कंपन्यांची नावं माझ्या टेबलावर टाकली आणि सांगितलं की महिनाभर तिन्ही वापरून बघा, तक्ता करा आणि एक नाव द्या. मला बरं वाटलं होतं. खूप दिवसांनी कुणीतरी माझं मत मागत होतं. पहिलं दिसायला एकदम झकपक, मोबाइलवरही चालतं, पण साधा माउस बिघडला तरी अकरा रकाने भरायला लावतं. आपले रेकॉर्डरूमचे काका, जे प्रत्येक तक्रारीत ‘कॉम्प्युटर रुसला आहे’ एवढंच लिहितात, ते तिसऱ्या रकान्यातच उठून चहा प्यायला गेले. दुसरं भलतंच गोड बोलतं. तक्रार आली रे आली की माफी मागतं, आणि तीन दिवसांत समोरून उत्तर आलं नाही की तक्रार आपली आपण मिटवून टाकतं. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी तर मला फोन करून विचारलं की हा एवढा माफी मागणारा नवा मुलगा कोण ठेवलाय तुम्ही! आणि तिसरं दिसायला आपल्या बैलगाडीइतकंच कुरूप, हळू, अक्षरं बारीक. पण त्यात कुणी काही केलं की त्याची नोंद राहते. कुणी उघडलं, कुणी बंद केलं, किती वाजता, सगळं. पुसता येत नाही. बाकीचे सगळे त्याला चहाडखोर म्हणतात.

आता जे लिहितेय ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. तरी लिहिते, कारण मी हे आजवर कुणालाही पहिल्यापासून सांगितलेलं नाही. आपल्याकडे दर शुक्रवारी पाच वाजता साहेबांकडे अहवाल जायचा. चोवीस तासांची मुदत उलटलेल्या तक्रारी त्यात लाल दिसायच्या, आणि दहाच्या वर लाल गेल्या की सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं व्हायची. म्हणून चार वाजता मी बसायचे, सगळ्या लाल तक्रारी एकदम निवडायच्या आणि ‘सुटली’ म्हणून बंद करायच्या. ज्या खरोखरच राहिल्यात त्या सोमवारी तुम्ही पोरं परत उघडणार. झाडलोट म्हणायचो आपण. तू लागलास त्याच आठवड्यात मी तुला हसत हसत शिकवलं होतं, आणि तूही हसला होतास. बैलगाडीत तक्रार ज्याच्याकडे असेल त्याचंच नाव बंद करणारा म्हणून दिसायचं. झाडणाऱ्याचं कुठेच दिसायचं नाही, आणि परत उघडलेल्याचा मागमूसही राहायचा नाही.

आणि मग ती चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरांची तक्रार. पेशंट बदलला तरी पडद्यावर कधीकधी आधीच्याच पेशंटच्या औषधांची यादी राहते. तक्रार तुझ्याकडे होती. कागदावर ‘सुटली’ होती. आणि त्या चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांना शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं इन्सुलिन दिलं गेलं. नऊ दिवस अतिदक्षता विभागात. वाचले, पण अजून बोलताना शब्द सापडत नाहीत त्यांना. मागच्या महिन्यात तपासणीला आले होते, मी जिन्यातून पाहिलं. मुलीला काहीतरी सांगत होते, एका शब्दाशी अडले, आणि मग नुसतं हात हलवून राहिले. मी दुसऱ्या जिन्यानं खाली गेले.

समितीनं तुला विचारलं की न सुटलेली तक्रार बंद का केलीस, आणि तू म्हणालास की आठवत नाही. मला विचारलं तेव्हा मी काय बोलले ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. मुलगा कामसू आहे, पण चुकला असेल. माझ्याच मामाचा मुलगा, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याच्याबद्दल मी हे बोलले आणि घरी येऊन जेवले. मला खरंच वाटत होतं का की तूच बंद केलीस? वाटवून घेतलं होतं. चाळीस तक्रारींतली एक, मला कशी लक्षात राहणार, असं म्हणत राहिले आणि शोधायला कधी गेले नाही.

तिसऱ्या कंपनीचा एक माणूस येतो, चष्मेवाला, अगदी मितभाषी. जुन्या नोंदींवर चालवून दाखवतो म्हणाला आणि बैलगाडीच्या पोटातल्या सात वर्षांच्या नोंदी त्यानं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घेतल्या. बैलगाडी दाखवत नसली तरी आत सगळं साठवत होती म्हणे. हे त्यानं मला असं सांगितलं की जणू चांगलीच बातमी आहे. गेल्या मंगळवारी दुपारी, तो जेवायला गेल्यावर, मी तो तक्रार क्रमांक टाकला. क्रमांक मला पाठ होता. पडद्यावर सगळं आलं, एकाखाली एक. गुरुवारी सकाळी सिस्टरांनी तक्रार केली. तुझ्याकडे आली. शुक्रवारी चार वाजून बारा मिनिटांनी माझ्या लॉगिननं बंद. सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तू परत उघडलीस आणि शेरा लिहिलास: ‘सुटलेली नाही. आज परत दिसलं. औषधांचा प्रश्न आहे. ताई, ही झाडू नकोस.’ त्या आठवड्यात तू औषधांच्या प्रोग्रॅमवाल्यांना दोनदा लिहिलंस, त्यांनी दुरुस्ती पाठवायचं कबूलही केलं. आणि शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझ्या लॉगिननं, अडतीस तक्रारींबरोबर, परत बंद. बंद झाल्याचा निरोप त्यांना आपोआप गेला आणि त्यांनी दुरुस्ती बाजूला ठेवली. सोमवारी तू उघडायला नव्हतास, मामांना ताप होता म्हणून तुला सुट्टी मीच दिली होती. मंगळवारी मास्तरांना ते इन्सुलिन गेलं.

शेरा मी वाचलाच नव्हता रे. झाडताना कुणी शेरे वाचतं का? पण हे लिहितानासुद्धा मला कळतंय की ही सबब आहे.

आणि तू! तुला माहीत होतं. सगळ्या मजल्यांवरच्या प्रिंटरांचे नंबर तोंडपाठ असणारा तू, आणि तुला आठवत नाही? तुझ्यावर मी चिडलेय, खरंच चिडलेय. असला शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं तुला? आत्याचं औषधपाणी माझ्या पगारावर चालतं म्हणून? मी नोकरी लावून दिली म्हणून? एकदा तरी फोन करून मला चार शिव्या घालायच्या होत्यास. तुझी नोकरी गेली, तू गाव सोडून गेलास, मामी मला पारख्या झाल्या, मामा तर त्यानंतर आमच्या घराची पायरीच चढले नाहीत, आणि तू तिथे परक्या गावात दुसऱ्यांचे प्रिंटर उघडून बसलायस. मंगळवारपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आता काय चाललंय ते ऐक. सगळ्यांना पहिलं सॉफ्टवेअर हवंय. साहेबांनी परवा बोलता बोलता सुचवलं की जुन्या नोंदी कशाला वागवायच्या, कोऱ्या पाटीवर सुरुवात करू. तिसऱ्याची चाचणी येत्या गुरुवारी संपते, मग त्यांच्याकडच्या नोंदी पुसल्या जातील आणि त्याच दिवशी बैलगाडीचं यंत्रही भंगारात जाईल. मी तक्त्याखाली पहिल्याचं नाव लिहिलं की झालं. कुणी विचारणार नाही. आणि तुला खरं सांगते, बुधवारी मी ते नाव लिहिलं होतं. कारणंही लिहिली, वापरायला सोपं, दिसायला सुबक. त्या अकरा रकान्यांचा उल्लेखसुद्धा गाळला. तासभर तसंच ठेवलं, पाठवायचं बटण समोर होतं. मग काकांनी फोन केला की कॉम्प्युटर रुसलाय, मी वर गेले, परत आले आणि ते सगळं खोडलं. तक्त्यात आता तिसऱ्याचं नाव आहे, आणि कारणाच्या जागी तुझी-माझी ती तक्रार पूर्ण लिहिली आहे, वेळांसकट.

पण तक्ता अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी अकरा वाजता बैठक आहे, तिथे तो द्यायचाय. आणि मी मला ओळखते. साहेब गोड बोलतील, वीस वर्षांच्या नोकरीची आठवण करून देतील, आई डोळ्यांसमोर येईल, आणि मी तक्ता पिशवीतून न काढताच परत येईन. म्हणून हे पत्र. सोबत त्या नोंदीची दोन पानं आहेत, चष्मेवाल्याकडून तारीख घालून सही घेतली आहे, त्यानंही का म्हणून विचारलं नाही. आत्ता शनिवारची सकाळ आहे, पोस्ट उघडं आहे, रजिस्टर करून टाकते. एकदा पोस्टात दिलं की मला ते परत घेता येणार नाही, तेवढ्याचसाठी. तुझ्या हातात पडेल तेव्हा बैठक होऊन गेली असेल. मी बोलले असेन तर हॉस्पिटलातून तुला बोलावणं येईल. बुधवारपर्यंत आलं नाही तर समज की मी परत एकदा गप्प बसले, आणि ही पानं घेऊन तू स्वतः ये. आत्याकडे बघू नकोस, माझ्याकडे तर मुळीच बघू नकोस, सरळ आत जा आणि साहेबांसमोर ठेव.

तुझीच,
ताई