निळा अंगठा

८ एप्रिल
आता तरी थोरल्या शेषेरावदादाचं तोंड बंद व्हावं. हदगावच्या स्टँडवर, चार माणसांत, पुन्हा तेच: हे आठ दिवसांत परत येतंय, पायाला भिंगरी हाय ह्याच्या. तीन कामं सोडली, कबूल. हे सोडणार न्हाई. धाकटी बहीण पंचशीला नांदेडला नर्सिंग शिकून राहिली. तिच्या खानावळीचे पैसे मी अंगावर घेतलेत. पैसे थांबले की तिचं शिकणं थांबलं.

लातूर झकास! जिल्हा नवा, हाफिसांच्या पाट्यांचा रंगसुद्धा ताजा. गावाबाहेरच्या विहिरीवर टँकर भरतात, तिथं पत्र्याची खोली, टेबल, खुर्ची, वर पंखा! मुकादम गुरुलिंगअप्पांनी आल्याचा चहा पाजला. काम एवढंच: कुठल्या वस्तीला खेप गेली ते वहीत लिहायचं. पाणी पोचलं की ड्रायव्हर तिथल्या कुणाचा तरी अंगठा वहीवर घेऊन येतो. सातवी नापासाला अजून काय पाहिजे?

१३ एप्रिल
दोन टँकर बंद. अप्पा म्हणाले, खेप गेली म्हणून लिही, अंगठा तूच लाव. निळ्या शाईत सगळे अंगठे सारखेच. माळवस्तीच्या नावापुढं लावला.

भर दुपारी त्याच वस्तीची नागुबाई चालत आली. म्हातारी. टँकर कधी येतोय विचारलं. सकाळीच रांगेत पहिली घागर ठेवून आले म्हणाली, पितळेची, काठाजवळ चेमटलेली. इकडं घागर ठेवली की माणूस उभा हाय असंच धरतात. ती कुणी हलवत न्हाई, ओलांडत न्हाई. अप्पा माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, निघालाय मावशी. ती हसली. तुझ्या तोंडात साखर पडो म्हणाली आणि उन्हातच मागं फिरली.

१९ एप्रिल
झोप तुकड्या-तुकड्यानं. सहा दिवसांत पाच अंगठे लावले.

ड्रायव्हर चंद्रप्पानं आज सांगितलं, नागुबाई त्या दिवशी वाटेतच पडली. गेली. घागर अजून वस्तीच्या रांगेत पहिलीच. हलवायची कुणाची छाती होत न्हाई.

तो सांगत होता आणि मी दाराकडं बघत होतो. पितळी घागर. काठाजवळ चेमटलेली. उंबऱ्याच्या बाहेर.

अप्पांना दाखवली. त्यांना नुसता उंबराच दिसला. म्हणाले, खिशात कांदा ठेव, ऊन लागलंय. आणि मनाला एवढं लावून घ्यायचं असलं तर घरी जाऊन रडत बस, खुर्चीला माणसं लई हाईत.

२४ एप्रिल
तिच्या मागं अजून सहा. मातीच्या, जर्मनच्या. जेवढे अंगठे तेवढ्या घागरी. मोजून बघितलं.

आता उंबऱ्याच्या आत हाईत.

बोटाची शाई निघत न्हाई. राखेनं घासलं, विटेनं घासलं, रक्त आलं. रक्तसुद्धा नि—

दादाला पत्र लिहायला घेतलं. फाडलं. हसंल.

२८ एप्रिल
नऊ. पहिली टेबलाला टेकली. सुट्टी मागितली. अप्पा म्हणाले, पगार दोन तारखेला. आज गेलास तर तोबी न्हाई.

पंचशीलाचं पत्र आलं. खानावळवाली बाई रोज विचारते म्हणे, भाऊ कधी पाठवणार.

थांबतो.

२ मे
पगार झाला. मग वहीतले नऊ अंगठे खोडले. प्रत्येकापुढं लिहिलं, पाणी पोचलं न्हाई. अप्पांनी बघितलं. रागावले न्हाईत. कोरी वही काढून दिली. म्हणाले, पहिल्यापासून लिही.

रांग खुर्चीपर्यंत आलीय. दार तिच्या पलीकडं. ओलांडायची न्हाई— ओलांडत न्हाईत—

चंद्रप्पा बाहेरनं घाई करतोय. मनिऑर्डर तोच टाकणार हाय. अख्खा पगार पाठवतोय, मला काही ठेवलं न्हाई. लागणार न्हाई.

पहिली घागर कललीय. रिकामी. आतून विचारतंय— निघालाय का लेकरा—

फॉर्मवर सही करायची तर हात ऐकत न्हाई, अंगठाच उठतोय—

पंचशीला, नांदेड. रुपये दोनशे ऐं—