दोघं सांभाळा

ता. ४, सोमवार

कराटेच्या सरांचा फोन आला. दूध गॅसवर होतं, तशीच धावले. "वहिनी, मुलीकडून बोलतोय. पडलो. खुब्याचं ऑपरेशन आहे उद्या." मागे दवाखान्यातली ट्रॉली खडखडत होती, अर्धं ऐकू येईना. मग एवढंच — "वहिनी, दोघं सांभाळा." आणि फोन बंद. दूध उतू गेलं ते वेगळंच.

शब्द बदलू नयेत म्हणून आधी इथे लिहून ठेवते. मॅट्रिकला मराठीत माझे मार्क वर्गात सगळ्यांत जास्त होते. निरोप द्यायचा तर जसाच्या तसा द्यावा.

जेवताना दोघांना सांगितला. हे एकदम ताठ बसले. सूनबाईचा घास हातातच राहिला.

दोघं म्हणजे हेच दोघं, दुसरं कोण असणार? यांनी सरांकडे शिकायला सुरुवात केली तेव्हा सूनबाई शाळेत होती आणि त्याच हॉलवर दोन वेण्या घालून यायची. तिथेच तिला पाहून यांनी मुलासाठी विचारलं. मुलगा बोटीवर गेला की महिनोन् महिने तिकडेच. घरात आम्ही तिघंच. पण गंमत अशी की ती केव्हाच काळ्या पट्ट्यावर पोचली आणि हे गुडघ्यापायी तपकिरीवर अडकले. घरात हे थोरले, हॉलवर ती थोरली. सर पुढे बसलेले असायचे तोवर कुणाला काही टोचलं नाही.

देवापुढे सरांसाठी दिवा लावला. तेल बेतानेच घातलं, देव समजून घेतो.

ता. ६, बुधवार

पहिला दिवस. गेले दोघं बरोबर, परत आले वेगवेगळे.

हे म्हणाले, "सरांची मधली जागा रिकामी ठेवून कसं चालेल? मी बसलो."

सूनबाई म्हणाली, "मीही बसले. आई, जागा एवढीशी. बाबांचा गुडघा माझ्या मांडीवर."

मुलं हसली म्हणे. मीही हसले, पण स्वयंपाकघरात जाऊन.

ता. ७, गुरुवार

हे वजनमाप खात्यातून निवृत्त झाले, पण खातं यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. पट्टी घेऊन तक्ता आखला. अंग मोकळं करणं — हे. लाथा — ती. ठोसे — हे. एकच गोष्ट तक्त्यात बसेना. सुरुवातीला नि शेवटी सगळ्यांनी वाकायचं असतं, त्याची हाक कोणी द्यायची? ती हाक जपानीत असते — 'रेई'. म्हणजे नुसतं 'वाका'. त्या दोन अक्षरांवरून चहा गार झाला.

"ज्याचा पट्टा वरचा तो हाक देतो," ती.

"वय नावाची काही चीज असते," हे.

"हॉलवर नसते, बाबा. तुम्हीच मला शिकवलंत हे."

यांनी कप माझ्याकडे सरकवला. चहा गरम करून पुन्हा दिला. फेकवत नाही.

ता. ९, शनिवार

व्हायचं तेच झालं. सगळे रांगेत होते. यांनी हुकूम दिला, "डावीकडे वळा!" त्याच दमात तिने दिला, "उजवीकडे!" अर्धे इकडे, अर्धे तिकडे. बेकरीवाला आणि दातांचे डॉक्टर समोरासमोर आपटले. डॉक्टरांचा ओठ सुजला. बेकरीवाला म्हणाला, "डॉक्टर, आता तुमचे दात कोणाला दाखवायचे?"

हे सगळं मला सूनबाईने सांगितलं. मग यांनीही सांगितलं. दोन्हीकडून ऐकलं. चूक दोन्ही वेळा दुसऱ्याची होती.

ता. ११, सोमवार

"आई, बाबांना म्हणावं मीठ इकडे सरकवा."

"तिला म्हणावं मीठ तिच्याच कोपराशी आहे."

मी दोघांच्या मध्ये बसते. घरात मला टेलिफोन करून ठेवलंय.

ता. १३, बुधवार

आज हॉलवर माणसं मोजकीच आली. डॉक्टर तर आलेच नाहीत. ओठ बरा झालाय, मी त्यांना बाजारात पाहिलं.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते. दुकानाच्या वरचा माळा रिकामा आहे. तिने मालकांना विचारून ठेवलंय. वर्गातल्या मुलींना घेऊन तिकडे जाणार म्हणते.

"आणि सरांचा हॉल?"

"बाबा आहेत ना. त्यांना एकट्यालाच हवाय."

हे ओसरीवर पाठ करून बसले होते. सगळं ऐकू गेलं असणार. पेपराचं पान उलटलं नाही की खाकरले नाहीत. आज तिने वर्ग वेगळा काढला तर उद्या चूल वेगळी निघायला किती वेळ? आणि सरांचा तो निरोप घरात आणला कोणी — मीच.

ता. १४, गुरुवार

हॉलची किल्ली पहिल्यापासून आमच्याच खिळ्यावर असते. आज दुपारी ती घेऊन मी एकटीच गेले. छापखान्याच्या वर आहे हॉल. खालची यंत्रं सुरू झाली की लाकडी जमीन पायांना गुदगुल्या करते.

दार उघडलं आणि मला भडभडून आलं. काय ती धूळ! सर होते तेव्हा वर्गाआधी सगळे मिळून जमीन पुसायचे, सरसुद्धा. आता यांना वाटतं तिने सांगितलं असेल, तिला वाटतं यांनी सांगितलं असेल. पुढची जागा दोघांना हवी, फडकं कोणालाच नको.

पदर खोचला आणि पुसून काढलं. जाताना दारात वळून वाकले. तिथे देव नाही, नुसती भिंत आहे. पण सगळे वाकतात तर आपणही वाकावं.

ता. १६, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

परवा फडकी पुरली नव्हती म्हणून मी जुनी चादर नेली. मोठी आहे, पलंगभर. फाडली नाही, अजून चार वर्षं जाईल. वर्गाच्या आधी गुडघ्यांवर बसून पुसत होते तर बेकरीवाला लवकर आला. दारात वाकला, चप्पल काढली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"काकू, असं नसतं पुसायचं. कंबर वर, दोन्ही हात फडक्यावर आणि पळत सुटायचं."

"माझ्या वयाला?"

"सर पळायचे."

मग काय, पळाले. तीन पावलं गेले आणि भिंतीऐवजी डॉक्टरांच्या पायांवर जाऊन थांबले. डॉक्टर आले होते! म्हणाले, "काकू, यावेळी ओठ वाचला." बाकीचेही आले, जो येईल तो फडकं घेऊन पळायला लागला. मुली तर किंचाळत पळत होत्या.

तेवढ्यात दारात हे. त्यांच्यामागे एक पायरी सोडून ती. दोघांनी मला तशा अवस्थेत पाहिलं — पदर खोचलेला, केस सुटलेले.  वाकले आणि आत आले. फडकी संपली होती, उरली होती फक्त बादलीतली ती चादर. ओली चादर एकट्याच्या हातून पिळून निघत नाही. यांनी एक टोक धरलं. इकडेतिकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकी पुसायला लागले.

तिने दुसरं टोक धरलं.

दोघांनी पिळायला सुरुवात केली तर चादर नुसतीच गोल फिरली. पाण्याचा थेंब नाही. समोरासमोर उभं राहून हे आपल्या डावीकडे पिळत होते, ती आपल्या उजवीकडे — म्हणजे दोघंही एकाच बाजूला!

"बाबा, तुम्ही उजवीकडे."

"तू डावीकडे."

"बरं, मी डावीकडे."

आणि बादलीत धो धो पाणी. बेकरीवाला म्हणाला, "एवढ्यावरून डॉक्टरांचा ओठ गेला!" पहिल्यांदा सूनबाई हसली. मग हे. यांना हसताना खोकला येतो. तिने चादर सोडून पाठीवर हात फिरवला.

ता. १८, सोमवार

मीही जाते आता, पुसण्यापुरती. मग कोपऱ्यात बसून पाहते. हे पुढे उभे राहून आकडे म्हणतात आणि ती मागून फिरत एकेकाचे हात-पाय सरळ करते. अर्ध्या वेळाने अदलाबदल. यांचं कोपर बाहेर गेलं तर ती म्हणते, "बाबा, कोपर." हे आत घेतात. घरी तीस वर्षं मी काही म्हटलं आणि यांनी आत घेतलं असं झालं नाही.

सुरुवातीची हाक ती देते, शेवटची हे. मधली जागा रिकामी. दोघं तिच्या दोन बाजूंना बसतात.

जेवताना यांनी मीठ मागितलं — थेट तिला. मी नुसती जेवले. टेलिफोन बंद.

ता. २०, बुधवार

बरं चाललं होतं, आजपर्यंत.

बेकरीवाल्याला प्रश्न फार. वर्ग सुटताना म्हणाला, "मॅडम, सर नेहमी दोजो दोजो म्हणायचे. दोजो म्हणजे हॉलच ना?"

सूनबाई म्हणाली, "हॉल छापखानेवाल्यांचा. दोजो आपला. 'दो' म्हणजे वाट, 'जो' म्हणजे जागा. वाट चालायला शिकायची ती जागा. उद्या मैदानात जमलो तर तिथेही दोजो. आणि पुसल्याशिवाय, वाकल्याशिवाय इथे उभे राहिलो तर हा नुसता हॉल."

हे मान डोलावत होते. मी फडकं हातात घेऊन गोठले.

दोजो.

आमच्या घरात सगळे 'हॉल' म्हणतात. दोजो म्हणणारे एकटे सरच. ट्रॉली खडखडत होती. सर म्हणाले होते — दोजो सांभाळा. आणि मी ऐकलं — दोघं सांभाळा!

ता. २१, गुरुवार

देवापुढे बसले, पण मन लागेना. सांगावं तर काय होईल? सरांनी दोघांना नेमलेलंच नाही हे कळलं की वरचा पट्टा तिचा, म्हणजे वर्ग तिचा. हे काही बोलणार नाहीत. नुसते ओसरीवर जाऊन बसतील आणि पुन्हा जिना चढणार नाहीत. ओळखते मी यांना. न सांगावं तर रोज दोघं माझ्या चुकीला सरांचा शब्द समजून वाकणार.

मी खोटं बोलले नाही. खोटं ऐकलं. त्याचं पाप लागतं का, हे कोणत्याच पोथीत नाही.

ता. २३, शनिवार

सर सोमवारी येतायत. दोघांनी मिळून खिडक्या पुसल्या. मी काहीच बोलले नाही. चहात दोनदा साखर घातली, एवढं नुकसान आजवर केलं नव्हतं.

ता. २५, सोमवार

सर आले. काठी आहे. डॉक्टर आणि बेकरीवाल्याने धरून जिना चढवला. दारात काठीवर भार देऊन वाकता येईल तेवढे वाकले आणि खुर्चीवर बसून सगळा वर्ग पाहिला. चेहऱ्यावरून काही कळेना.

शेवटी सूनबाई म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलंत तसं आम्ही दोघं सांभाळतोय."

"मी? दोघं?" सरांनी यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फडकं घट्ट धरून उभी. सर म्हणाले, "हं. बरं चाललंय."

बाकीचे उतरले. सरांना सावकाश उतरवायला मी मागे राहिले आणि जिन्यातच सांगून टाकलं. "सर, तुम्ही दोजो म्हणालात. मी दोघं ऐकलं."

सर कठड्याला धरून इतके हसले की मला त्यांच्या खुब्याची काळजी वाटली. डोळे पुसून म्हणाले, "पण वहिनी, हे तुम्ही त्यांना का सांगितलंत?"

"निरोप होता ना त्यांना."

"निरोप असता तर म्हटलं असतं, 'सांभाळायला सांगा.' मी म्हटलं, 'सांभाळा.' किल्ली कोणाच्या खिळ्यावर असते?"

घरी येऊन चार तारखेचं पान काढलं. 'वहिनी, सांभाळा.' आज्ञार्थ. कर्ता समोर उभा, त्याला हाकसुद्धा मारलेली. मॅट्रिकला मराठीत सगळ्यांत जास्त मार्क — आणि कर्ता ओळखता आला नाही.

ता. २६, मंगळवार

जेवताना दोघांना सगळं सांगितलं. 

हे म्हणाले, "म्हणजे आम्ही उगाच भांडलो?"

सूनबाई म्हणाली, "आणि उगाच जुळलो."

यांनी ताट सरकवलं. मला वाटलं उठले, चालले ओसरीवर. पण हात धुऊन परत आले आणि तिला विचारलं, "उद्या सुरुवातीची हाक तुझी ना?"

"तुमची, बाबा. उद्यापासून बदलूया."

ता. २७, बुधवार

जमीन पुसून झाली. मी कोपऱ्यात जायला निघाले तर सूनबाईने माझ्यापुढे पांढरा पट्टा धरला. "आई, नवीन माणसं रांगेच्या शेवटी बसतात."

बसले. शेजारी सर, खुर्चीवर, आमच्यासारखेच समोर तोंड करून. मधली जागा रिकामीच. यांनी हाक दिली. सगळे वाकले, सरही. मीही — जरा उशिरा. माझ्या पट्ट्याची गाठ सुटली होती.